चार कुळं आणि एक लिंडक्विस्ट

"डोळ्यांना हात लावू नकोस!" डेल्फीन ओरडली. पण तोवर त्याने लावला होता.

रविवारची सकाळ, सप्टेंबर महिना. अल्बुकर्कीतल्या किराणा दुकानाबाहेर मिरच्या भाजायचं जाळीचं पिंप आगीवर गरगर फिरत होतं आणि तो खमंग, नाकाला झोंबणारा धूर रांगेतल्या प्रत्येकाच्या केसांत शिरत होता. डेल्फीनची पिशवी नेमकी तेव्हाच बुडाशी फाटली. गरमागरम हिरव्या मिरच्या डांबरावर पसरल्या. तिच्या मागचा उंच मुलगा "थांबा, मी गोळा करतो," म्हणत गुडघ्यांवर बसला, आणि दोन्ही हातांनी त्याने त्या गोळा केल्यासुद्धा. तिथेच थांबायचं ना शहाण्यासारखं! पण नाही. कपाळाचा घाम पुसता पुसता तेच हात डोळ्यांवरून फिरवले.

"आई गं... मेलो!"

"असं कुणी मरत नाही. खाली बस. पाणी नको, अरे पाणी नको, आणखी भडकेल! दूध आणते."

ती धावत आत गेली, दुधाचा डबा घेऊन आली, त्याची हनुवटी धरून तोंड आकाशाकडे केलं आणि डोळ्यांवर दुधाची धार धरली. दूध गालांवरून, मानेवरून सदऱ्यात गेलं. रांगेतल्या बायका खुसुखुसू हसत होत्या. त्याने हळूच एक डोळा उघडला. लालबुंद डोळा, आणि लांब पापण्यांच्या टोकांना दुधाचे थेंब... डेल्फीनने हनुवटी धरलेला हात जरा घाईनेच मागे घेतला.

"कुठला रे तू? इथला असतास तर हा वेडेपणा केला नसतास."

"मिनेसोटाचा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं, काळे राठ केस, रंग... असा मुलगा तिच्या गावच्या बाजारात उभा राहिला असता तर कुणी वळूनही बघितलं नसतं.

"तसं नव्हे. कुठल्या कुळाचा?"

"लिंडक्विस्ट," तो म्हणाला.

तिला हसू आवरेना. "हे कूळ आमच्या डोंगरांपर्यंत पोचलेलं नाही."

"स्वीडनहून निघालंय. वाटेत दमलं असेल."

आता, डोळ्यांची आग आग होत असलेल्या माणसाला कुणी पहिला प्रश्न कुळाचा विचारतं का? पण नावाहो, म्हणजे या मुलखातल्या मूळ रहिवासी जमातीच्या, घरातल्या मुलीला ही सवय दुधाच्या दातांबरोबरच येते. मुलगा आवडला की नाव मागाहून विचारलं तरी चालतं, कूळ आधी. कूळ एकच निघालं की विषय संपला, तो भाऊ. मग त्याच्या पापण्या कितीही लांब असेनात का.

सोमवारी तो तिला वर्गातच भेटला. विषय होता कुटुंबाचा कायदा आणि समाज. शिकवायला आर्चुलेटाबाई. त्यांनी अर्धं आयुष्य कोर्टात मुलांच्या ताब्याची भांडणं ऐकण्यात घालवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाची लपवाछपवी चालायची नाही. पहिल्याच तासाला त्यांनी फर्मावलं, "एकेकाने उभं राहायचं. कायद्याच्या नजरेत तुमचं कुटुंब कोण, आणि तुमच्या नजरेत कोण, सांगायचं. खोटं बोललात तर मला कळतं."

डेल्फीन उठली. "डेल्फीन एटसिटी. मी मिठाच्या कुळाची, ते आईचं. बाबांचं कूळ कडू पाण्याचं. आईचे वडील उंच घराचे आणि बाबांचे वडील चिखलाच्या कुळाचे. या चारांत जो जो येतो तो माझा. कायदा म्हणतो, आई-बाप आणि तीन भाऊ. कायद्याला मोजता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मग तुम्ही लग्न तरी कुणाशी करता?" मागून एकाने विचारलं.

"आईचं कूळ आणि बापाचं कूळ सोडून कुणाशीही. काही घरांत चारही सोडतात. आमच्यात पहिली दोन."

तिसऱ्या रांगेतून तो उंच मुलगा उठला. डोळे अजून सुजलेलेच. "एलियट लिंडक्विस्ट. कायद्याच्या नजरेत आई, बाबा आणि कुत्रा. माझ्याही नजरेत तेच. दत्तक आहे मी. जन्म देणारी नावाहो होती, एवढंच माहीत आहे." मग डेल्फीनकडे बघत तो म्हणाला, "कुळाची चौकशी चालू आहे म्हणून लिहा."

वर्ग हसला. डेल्फीन नाही हसली. म्हणजे याला कूळ होतं, आणि ते मिठाचंही निघू शकत होतं.

सत्राचं मोठं काम दोघादोघांनी करायचं होतं. एलियट सरळ तिच्या बाकाशी येऊन उभा राहिला. "माझ्याकडे प्रश्न आहे, तुझ्याकडे उत्तरं आहेत. मूल दत्तक गेलं की त्याचं कूळ जातं का?"

"कूळ कुठे जातंय! मूल जातं."

"बघ, पहिलं वाक्य तयारच आहे," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. ती उठून समोर जाऊन बसली.

मग सुरू झाल्या वाचनालयातल्या संध्याकाळी. खिडकीबाहेर वारा धूळ उडवायचा, आत दत्तकाचे निकाल, ताब्याचे निकाल, पोटगीचे निकाल. एलियट वाचायचा आणि मध्येच तिच्याकडे बघत राहायचा. तिने वर पाहिलं की लगेच पुस्तकात डोकं. तिला ते कळायचं, आणि आपल्याला कळतंय हे त्याला कळू नये म्हणून ती उगाचच पेन्सिलीला टोक करत बसायची.

"तू दर वेळी हेच रुंद टेबल का गं निवडतेस?"

"पुस्तकं मावतात."

"पुस्तकं दोनच आहेत."

"मग अंतर मावतं."

तो टेबलावर कोपर टेकून पुढे झुकला. "समजा... मी तुझा भाऊ निघालो तर?"

"तीन आहेत मला. जागा रिकामी नाही."

"आणि नाही निघालो तर?"

डेल्फीनने पान उलटलं. तिचे कान तापले होते. "नाही निघालास तर टेबल बदलू," ती म्हणाली, आणि मग तासभर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

स्पष्टच सांगायचं तर तिचा जीव जडला होता. साधा सरळ, हसवणारा, चुकला की कबूल करणारा मुलगा. तिच्यासाठी रोज कॉफी आणायचा आणि कप टेबलाच्या मध्यावर ठेवून हात मागे घ्यायचा, तिचं अंतर मोडू नये म्हणून. अशा मुलावर जीव जडू नये तर कुणावर जडावा? पण डेल्फीन एटसिटी ही मनात आलं म्हणून वाहवत जाणारी पोरगी नव्हती. लहानपणी मेंढ्या चारताना तिने ठरवलं होतं की वकील व्हायचं, आणि सगळ्यांनी नाकं मुरडूनही ती इथवर आली होती. आता तिने ठरवलं होतं की कूळ कळल्याशिवाय एक पाऊलही पुढे नाही.

एलियटनेही एक ठरवलं होतं, ते तिला ऑक्टोबरच्या शेवटी कळलं. नदीकाठची झाडं पिवळीधमक झाली होती, दोघं चालत होते, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. चालता चालता त्याचा हात तिच्या हाताच्या फार जवळ आला. तिने आपला हात खिशात घातला.

"डेल्फीन, नकोच विचारूया," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"कूळबीळ. हे बघ, कायद्याने आपण उद्या सकाळी जाऊन लग्न करू शकतो. कोण अडवणार? कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर चूक तरी कुणाची?"

ती थांबली. "कायद्याला चालेल रे. मला नाही चालणार. आज हात धरला, आणि उद्या भर बाजारात एखादी म्हातारी म्हणाली, अगं हा तर मिठाच्या कुळातला, तर? पोरांना काय सांगू मी? तुमचा बाप माझा भाऊ लागतो?"

"पोरांपर्यंत पोचलीस?" तो हळूच म्हणाला.

ती कानापर्यंत लाल झाली, आणि लाल झाल्याचा तिला इतका राग आला की ती जवळजवळ किंचाळलीच. "थट्टा नकोय मला! तू विचारत नाहीस कारण तू घाबरतोस!"

"हो, घाबरतो." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला एकच आई आहे, डेल्फीन. तिने मला सायकल शिकवली, गोवर निघाला तेव्हा उशाशी बसली. तिला कुठल्या तोंडाने सांगू की मला आणखी एक शोधायचीय? आणि एवढं करून तू माझी बहीण निघालीस तर... तर माझ्याकडे काय उरलं?"

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. अगदी घट्ट. म्हणूनच ती दोन पावलं मागे सरली.

"मलाही तीच भीती वाटते. तुझ्याहून जास्त वाटते," ती म्हणाली. "पण मी अंधारात नांदणार नाही, एलियट. विचारलंस तर ये. नाही विचारलंस तर टेबलावर नुसतं काम करू, आणि सत्र संपलं की संपलं."

ती वळली आणि चालू लागली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिने डोळे पुसले नाहीत, कारण तो बघत होता.

पुढचे दिवस वाईट गेले. वर्गात ती पहिल्या रांगेत, तो शेवटच्या. जेवण जाईना, अभ्यास होईना. आर्चुलेटाबाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "एटसिटी, आज चेहरा नवऱ्याने टाकल्यासारखा दिसतोय." तिने हसून दाखवलं आणि प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडून घेतलं. पण निरोप पाठवला नाही. एकदाही नाही.

मग एका संध्याकाळी तो वाचनालयात आला आणि तिच्या समोर बसला. अंतर ठेवून.

"आईला फोन केला. मला वाटलं रडेल."

"आणि?"

"रागावली! म्हणाली, 'इतकी वर्षं मी वाट बघतेय तू कधी विचारतोस याची. मी तुला वाढवलंय, कुलपात नाही ठेवलेलं.' मग रडली. मग मी रडलो. मग बाबांनी फोन घेतला आणि तेही..." त्याने नाक ओढलं. "तिने एकदाच पाहिलं होतं तिला. नाव व्हर्ना. अठरा-एकोणीसची असेल. लुकाचुकाई डोंगरांकडची आहे, एवढंच म्हणाली होती."

"कोर्टाला विचारायचं?"

"आर्चुलेटाबाईंना विचारून आलो. म्हणाल्या, कोर्ट जमात सांगेल. कूळ कोर्टाला माहीतच नसतं, कारण ते कुणी कधी विचारलेलंच नाही."

डेल्फीन उठून उभी राहिली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या अंगात जीव आला होता. "मग जिथे आपली माणसं विचारतात तिथे विचारू. रेडिओवर."

गुरुवारी ते रेडिओ केंद्रावर गेले. नावाहो भाषेतलं केंद्र. हरवलेली गाढवं, चर्चमधली जेवणं, कुणाचं काही कार्य, सगळं तिथूनच अख्ख्या मुलखाला कळतं. वाटेत गाडीत डेल्फीनने त्याच्याकडून वाक्यं घोकून घेतली. 'मी व्हर्नाचा. तिच्या माणसांना शोधतोय. मला माझं कूळ माहीत नाही.' बस्स. कुठे जन्मलो ते नाही, दत्तक नाही, काही नाही.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"ती कुणाची तरी मुलगी आहे, एलियट. तिची लाज आपण रेडिओवरून का सांगायची? ज्यांना समजायचं त्यांना समजेल."

आपणच बोलावं असं तिला वाटत होतं, पण तो हटून बसला. माझी माणसं, माझं तोंड. काचेपलीकडे तो बोलू लागला आणि डेल्फीनने ओठ चावले. काय ते उच्चार! तरी तीनही वाक्यं धडपणे पार पडली. तिने सुस्कारा सोडला... आणि तेवढ्यात निवेदकाने आपणहून विचारलं, "मग लोकांनी तुला कुठे भेटायचं, बाबा?"

हे घोकलेलं नव्हतं. एलियटला 'कुठे' एवढं समजलं. त्याने घाम पुसला, काचेतून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या मुलखातला जो एकुलता एक पत्ता त्याने तिच्या तोंडून ऐकला होता तो ठोकून दिला.

"गॅलप. शनिवार. एटसिटी. मटण."

डेल्फीनने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. गॅलपच्या शनिवारच्या बाजारात मटणाच्या रश्श्याची गाडी एकाच एटसिटीची होती, आणि ती बाई दिवसभर रेडिओ लावूनच मटण कापायची.

ते परतायला मोटारीत बसायच्या आत फोन आलाच.

"डेल्फीन, शनिवारी माझ्या गाडीवर कोण येतोय? आणि माझ्याआधी ते सगळ्या जगाला कसं कळलं?"

"आई, तो... वर्गातला आहे."

"कुठल्या कुळाचा?"

"तेच तर शोधतोय."

पलीकडे सुरी थांबल्याचं ऐकू आलं. "हात धरलाय त्याने?"

"नाही, आई."

"तू?"

"नाही."

"हं. घेऊन ये. कांदा कापता येतो का त्याला?"

शनिवारी वारा असा सुटला होता की गाडीचं छत चार दगड बांधूनही फडफडत होतं. डेल्फीनने त्याला आधीच तंबी दिली होती, "आईला काहीही म्हण, मावशी म्हणू नकोस. मावशी म्हणालास तर तू माझा भाऊ झालास." त्यामुळे तो 'एटसिटीबाई, एटसिटीबाई' करत कांदे कापत होता आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत होता. अर्लीन एटसिटी त्याच्याशी अक्षर बोलत नव्हती. मात्र दर थोड्या वेळाने त्याच्या कांद्याकडे बघायची आणि म्हणायची, "बारीक."

आणि माणसं येत होती! अहो, रेडिओ ऐकून नुसतं तोंड बघायला माणसं येत होती. एका म्हाताऱ्याने त्याचे कान तपासले आणि "आमच्यातले नाहीत," असं जाहीर करून दोन वाट्या रस्सा प्यायला. दोघी बहिणी त्याच्या नाकावरून भांडल्या. आलेला कुणी रिकाम्या पोटी जाईना. तळलेली भाकरी तळता तळता अर्लीन लेकीच्या कानाशी पुटपुटली, "हा दर शनिवारी हरवला तरी चालेल."

ऊन माथ्यावरून कललं तेव्हा एक बाई आली. जाड कोट, स्कूल बसच्या चालकांची टोपी. तिने रस्सा घेतला, पण चमचा उचलला नाही. ती एलियटकडे बघत राहिली.

"तूच ना रेडिओवर बोललेला?"

"हो."

"मी बर्निस, लुकाचुकाईची. तुझा आवाज ऐकला आणि मी बस रस्त्याच्या कडेला घेतली. पोरं म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही रे, माझा मुलगा बोलतोय."

एलियटच्या हातातली सुरी खाली आली.

"व्हर्ना माझी धाकटी बहीण. गेली ती, तीन हिवाळे झाले. तुझं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं; शेवटी शेवटी मला सांगितलं." तिने वाटी गाडीच्या कडेवर ठेवली. "आपल्यात आईची बहीण म्हणजे आईच असते. तेव्हा... उशीर झाला खरा, पण मी आले."

तो पुढे झाला, आणि त्या बाईने त्याचं डोकं आपल्या कोटाच्या खांद्यावर ओढून घेतलं. डेल्फीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला त्याच्यासाठी इतका आनंद झाला होता की छाती दुखत होती. आणि त्याच वेळी एकच प्रश्न आत थडथड उडत होता, आणि या घटकेला तो मनात यावा याची तिला लाज वाटत होती.

तो प्रश्न तिच्या आईने विचारला. "बाई, तुमचं कूळ?"

"उंच घर."

मिठाचं नाही! डेल्फीनने गाडीची कड घट्ट धरली. कडू पाण्याचंही नाही.

"आणि याच्या बापाचं?"

"व्हर्नाने सांगितलं होतं. पाण्याकाठचे लोक."

तेही नाही. ती हसणार, एवढ्यात तिने आईच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या.

"उंच घर माझ्या वडिलांचं कूळ," अर्लीन सावकाश म्हणाली. "म्हणजे हा डेल्फीनचा आजोबा लागतो."

बघे खो खो हसले. मघाचा म्हातारा तर रस्सा सांडेपर्यंत हसला. बर्निस मात्र हसली नाही. तिने एकदा एलियटकडे पाहिलं, एकदा डेल्फीनकडे, आणि तिला सगळं उमगलं. "असं आहे होय," ती म्हणाली. "आमच्या घरात चारही कुळं बघतात."

एलियटचा चेहरा उतरला. आत्ताच मिळालेली माणसं आणि त्यांचा पहिलाच शब्द हा. कुणाला दुखवावं तेच त्याला कळेना.

डेल्फीनने हातातला पळा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि ती गाडीच्या पुढच्या बाजूला येऊन उभी राहिली. कोर्टात उभी राहावी तशी.

"बर्निसबाई, मी बोलू? रीत कशासाठी असते? कुणी अंधारात आपल्याच रक्ताशी संसार मांडू नये म्हणून. आम्हाला अंधारात राहता आलं असतं. कायद्याने मोकळीक होती, विचारणारं कुणी नव्हतं. तरी सप्टेंबरपासून आम्ही एकमेकांचा हात धरलेला नाही. याने तर सगळ्या मुलखापुढे, असल्या भयंकर उच्चारांत, आपलं कूळ विचारलं. रीत याहून जास्त कुणी पाळली असेल तर मला दाखवा."

"दाखव म्हणते!" म्हातारा पुटपुटला.

"आणि दुसरं. भावापुढे आपण जपून बोलतो. बापाच्या माणसांपुढे मान राखून. पण आजोबांच्या कुळाशी थट्टा करायची, ही आपली रीतच आहे, होय ना? मी याची भेटल्या दिवसापासून थट्टा करतेय. ज्याच्याशी हसता येतं त्याच्याबरोबर नाही राहायचं, तर मग कुणाबरोबर राहायचं हो?" आता तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "माझं प्रेम आहे त्याच्यावर. मिठाचा निघाला असता तर आज त्याला भाऊ म्हटलं असतं आणि घरी जाऊन मेले असते, पण म्हटलं असतं. तो मिठाचा निघाला नाही. आता मी माघार घेणार नाही."

छत फडफडत होतं. रस्सा खदखदत होता. बर्निसने टोपी काढली, हातात फिरवली.

"आमच्याकडे चारच बघतात," ती म्हणाली. "माझी आई बघायची, मीही बघते. पण या पोराला मी आजवर काहीच दिलेलं नाही. पहिल्याच दिवशी 'नाही' देऊ? व्हर्ना मला काय म्हणेल?" तिने अर्लीनकडे तोंड वळवलं. "घरची माणसं बोलतील, ते मी बघून घेईन. मागणी मुलाकडच्यांनी घालायची असते ना, बाई? मी त्याच्याकडची. आलेच आहे, तर घालते."

अर्लीनने भाकरी उलटी केली. "परीक्षा होऊ दे आधी दोघांची," ती म्हणाली. "आणि कांदा शिकू दे." पण आठ्या गेल्या होत्या.

"मला कुणी विचारणार आहे का?" डेल्फीन म्हणाली.

एलियट तिच्यासमोर आला. डोळे पुन्हा लालबुंद, या वेळी कांद्याने की कशाने कोण जाणे. "मी... मला हे केव्हापासून म्हणायचं होतं. पण म्हणालो असतो तर तू आणखी रुंद टेबल शोधलं असतंस. माझं तुझ्यावर प्रेम आहे, डेल्फीन. भाऊ निघालो असतो तरी आज इथे आलो असतो. तू सांगितलं नसतंस तर मी कधीच आलो नसतो."

डेल्फीनने हात पुढे केला आणि त्याचा हात धरला. कांद्याचा, ओला, गार पडलेला हात. भर बाजारात, आईच्या देखत, घट्ट धरला. त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली.

"बरं बरं," बर्निस डोळे पुसत म्हणाली. "पण एकट्या आईने मागणी घालून चालत नाही. तुला ज्या बाईने वाढवलं, तिला फोन लाव. तिच्याशी बोलल्याशिवाय मी पुढचं काही ठरवणार नाही."

एलियटने डेल्फीनचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, अंगठा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा लागला. त्याने तो बर्निसच्या हातात दिला. ती कानाशी धरून, टोपी काखेत मारून, ताठ उभी राहिली, आणि मिनेसोटात घंटा वाजू लागली.